उणे पन्नास टक्के : वेबपानावरील ‘मध्य’ सापडला त्याची कथा

१/ वेबपानावरील एखादी चौकट उभ्या दिशेने नेमकी मध्यभागी ठेवणे, हे काम ऐकताना किरकोळ वाटते. तरीही वेबची पहिली दोन दशके या कामाने संकेतस्थळे घडवणाऱ्यांना जेरीस आणले. #धागा

२/ याचे मूळ वेबच्या जन्मात आहे. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तो दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी. अशा पानाची रुंदी पडद्यावरून ठरते. उंची मात्र मजकूर संपेपर्यंत वाढतच जाते. जिची उंचीच ठाऊक नाही, तिचा मध्य काढायचा कसा?

३/ ऑक्टोबर १९९४ मध्ये होकोन वियुम ली यांनी पानाच्या मांडणीसाठी सीएसएसची कल्पना मांडली. बर्ट बोस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. तिच्यात आडवा मध्य सहज साधत असे. उभ्या मध्याची सोय मात्र नव्हती.

४/ १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीनंतर एक युक्ती रूढ झाली. चौकट वरून ५० टक्के खाली आणायची. पण त्यामुळे तिची वरची कड मध्यावर येई, चौकट नव्हे. मग तिला निम्म्या उंचीइतके वर ओढावे लागे, आणि ती उंची पिक्सेलमध्ये आधीच ठरवून ठेवावी लागे. वाचकाने अक्षरे मोठी केली की सारा हिशेब कोलमडे.

५/ २००७ मध्ये सफारीच्या वेबकिट चमूने ‘ट्रान्सफॉर्म’ आणले : सरकवणे, फिरवणे, लहानमोठे करणे. एसव्हीजी या चित्रप्रणालीत ही सोय २००१ पासूनच होती. पडद्यावर वाय-अक्ष खाली धावतो. म्हणून वर जाण्यासाठी उणे चिन्ह.

६/ खरी किमया टक्केवारीत होती. ‘टॉप’ची टक्केवारी बाहेरच्या चौकटीच्या उंचीवर मोजली जाते; ‘ट्रान्सलेट-वाय’ची मात्र त्या घटकाच्या स्वतःच्याच उंचीवर. ब्राउझर आधी मजकूर मांडतो, उंची निश्चित होते, मग घटक सरकतो. म्हणून ‘उणे ५० टक्के’ म्हणजे स्वतःच्या निम्म्याने वर, उंची कितीही असो!

७/ मर्यादाही होती. घटक सरकला तरी त्याची मूळ जागा राखीवच राहते. शेजारी हलत नाहीत. शिवाय प्रत्येक ब्राउझरचा उपसर्ग निराळा. २०१२ मध्ये फायरफॉक्स आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांनी तो सोडला.

८/ पुढे फ्लेक्सबॉक्सने हे काम सोपे केले. २०२४ पासून तर प्रमुख ब्राउझरांत साध्या चौकटीतील मजकूरही एकाच नियमाने उभ्या मध्यावर येतो. वाचकाच्या अक्षरांचा आकार आधी गृहीत धरण्याची गरज मात्र त्या उणे पन्नास टक्क्यांनीच संपवली होती.