१२. भाजलेल्या भाज्या, बुर्राता आणि प्रोशुत्तो

या सॅलडची सर्वसाधारण इटालियन रीत अशी. लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या भरताच्या वांग्यासारख्या साल काळी पडेपर्यंत भाजतात आणि झाकून ठेवतात, म्हणजे वाफेने साल सुटते. वांगी व झुकिनीच्या चकत्या ऑलिव्ह तेल लावून सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या सुट्या पसरतात. दाटी झाली तर भाज्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. कोमट असतानाच वरून तेल आणि थोडे व्हिनेगर घालतात.

बुर्राता हे दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांताचे चीज. बाहेर मोझरेलाची पातळ पिशवी, आत मलई आणि चीजचे तंतू. आंद्रियाच्या बुर्राताला २०१६ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. हे चीज ताजेच खातात आणि अगदी शेवटी भाज्यांवर फोडतात.

प्रोशुत्तो म्हणजे इथे पार्माचा हॅम. डुकराची मागची तंगडी फक्त समुद्री मिठात मुरवून वर्षाहून अधिक काळ हवेवर सुकवतात. तिला धुरी देत नाहीत, शिजवतही नाहीत. तपासणीत उतरलेल्या तंगडीवर पाच टोकांच्या मुकुटाची मोहोर डागतात. हॅम मुळातच खारट असल्याने भाज्यांना मीठ बेताचे लावतात. त्याचे कागदासारखे काप भाज्या निवल्यावरच मांडतात. उष्णतेने त्यातली चरबी वितळते आणि काप मलूल पडतात.