नाव न सांगण्याचं कलम

मे १९९१. संध्याकाळ उतरते आहे आणि तुमच्या बोटांना तेंदूच्या पानांचा कडवट चिकटा लागलाय. देवरी अजून भंडारा जिल्ह्यात आहे. गोंदिया जिल्हा व्हायला आठ वर्षं बाकी आहेत. चिचगडच्या वाटेने आत गेल्यावर जंगलात एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, लागतो. तिथल्या फळीवर, पानं मोजून घ्यायच्या जागी, तुम्ही मुन्शी आहात. पुढ्यात पुडे रांगेने मांडलेत. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पहाटेच्या अंधारात पानं तोडायला गेलेल्या बाया आता उकिडव्या बसून तुमच्या मोजणीवर डोळे लावून आहेत.

“मुन्शीभाऊ, माझे पुडे कमी नका धरू जी.”

तुम्ही कमी धरत नाही. पूर्वी धरले जायचे, ते तुम्ही पाहिलंय. पुडा खराब म्हणून फेकला की त्याचे पैसे बुडाले, आणि तोच पुडा रात्री ठेकेदाराच्या गोणीत. पानांचा भाव वाढला तो दादालोक, म्हणजे नक्षलवादी, जंगलात आल्यावर, ही गोष्ट टोल्यावरच्या म्हाताऱ्या उघड सांगतात. म्हणून दिवेलागणीला सातजण झाडीतून बाहेर येतात तेव्हा कुणी पळत नाही. बंदुका खाली टेकवून ते पाणी मागतात. त्यातला एक तुमच्या वहीवर नजर टाकतो, भाव विचारतो, मान हलवतो. मग सहज आवाजात म्हणतो, “परवा जीप आली होती. कोणाची?”

“फॉरेस्टची, दादा.”

कुणाच्या तरी घरातून भात येतो. ते जेवतात आणि निघून जातात.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवर साध्या कपड्यातला एक माणूस येतो. तो भाव विचारत नाही. तुमच्याशेजारी दगडावर बसतो, बिडीचा कट्टा पुढे करतो. “किती जण होते?” तुम्ही गप्प. तो टाडाचं नाव काढतो. १९८७चा हा दहशतवादविरोधी कायदा तुम्ही वाचलेला नाही, पण दलमला, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीला, भात दिला म्हणून गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्यातले आदिवासी आत गेलेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या कायद्यात जामीन जवळजवळ नाही, आणि पोलीस अधीक्षकासमोर दिलेला कबुलीजबाबही पुरावा म्हणून चालतो. भात ज्या घरातून आला ते घर इथून दिसतंय. चुलीचा धूर वर चाललाय.

“सात,” तुम्ही म्हणता.

तो उठतो. कट्टा तुमच्यापाशीच राहतो. बिड्यांमध्ये शंभराची एक नोट घडी करून खोचलेली आहे, हे तुम्हाला रात्री कळतं. एवढंच घडलंय. कुणी तुमची नेमणूक केलेली नाही, कुठे सही नाही, हजेरीपट नाही. पण एका आकड्याने तुम्ही खबऱ्या झालात, आणि त्यातून राजीनामा देण्याची काही सोय नाही.

हा शब्द या जंगलात फार सैल हाताने वापरला गेला. पैशासाठी माहिती पुरवणारा खबऱ्या, आणि भातामुळे अडकलेला मुन्शीही खबऱ्या. जमिनीच्या भांडणात शेजाऱ्याने दलमच्या कानात ज्याचं नाव घातलं, तोही खबऱ्या. प्रत्यक्ष दलमच्या आत राहून बातमी बाहेर देणारा मात्र वेगळाच. आंध्रात पोलीस अशा माणसाला ‘कोव्हर्ट’ म्हणत. दलममध्ये त्याच्या उशाशी झोपणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसे.

आता काळ पुढे सरकवा. १६ डिसेंबर १९९९, देवरीचा चौक. मुंबई-कलकत्ता महामार्गावर रायपूरकडचे ट्रक थांबलेत, चहावाल्याने लाकडांचा जाळ केलाय, आणि सगळे एकाच बातमीवर बोलताहेत. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात, सोनपुरीत, मध्य प्रदेशचे मंत्री लिखीराम कावरे यांना आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी घराबाहेर ओढून कुऱ्हाडीने मारलं. महिन्याच्या सुरुवातीलाच, २ डिसेंबरला, आंध्रातल्या कोय्यूरच्या जंगलात पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेच्या केंद्रीय समितीचे तिघे मारले गेले होते: नल्ला आदी रेड्डी, संतोष रेड्डी आणि शीलम नरेश. पोलीस म्हणाले चकमक. मानवी हक्कवाले म्हणाले, तिघांना बंगळुरात पकडून आणून मारलं. आतल्याच कुणीतरी ठावठिकाणा दिला, अशी संघटनेची खात्री झाली होती. त्याचा सूड इथे, गोंदियाच्या शेजारी उगवला. पुढच्या वर्षी त्याच २ डिसेंबरला त्यांनी आपलं सैन्य, पुढे ज्याचं नाव पीएलजीए झालं ते, उभं केलं, आणि दर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या भागातल्या रस्त्यांवर झाडं आडवी पडू लागली.

चहाच्या टपरीवर तुम्ही ऐकता ते मात्र सूडाबद्दल नाही. कुणीतरी हळूच विचारतं, “आपल्याकडे कोण असेल?” त्या प्रश्नानंतर बाकावरची माणसं एकमेकांकडे बघणं टाळतात. आत शिरलेला एक फितूर दहा पुढाऱ्यांना पकडून देत असेल. पण तो सापडत नाही, म्हणून त्याच्या वाटणीचं मरण गावातल्या मुन्शीला, पोलीस पाटलाला, कोतवालाला येतं. शेजारच्या गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी मारलेल्या सामान्य माणसांचा आकडा पुढे ५००च्या वर गेला. त्यातल्या कितीतरी प्रेतांजवळ ठेवलेल्या पत्रकावर खबऱ्या हाच एक शब्द होता.

आता तुमच्या अंगावर लुगडं आहे. साल २००७, गोंदियाचं सत्र न्यायालय. डब्याची पिशवी मांडीवर धरून तुम्ही बाकावर बसलात. ही बाई कुणी एक नाही. अशा अनेकींची मिळून मी ती उभी केली आहे. नवऱ्याला रात्री दारातून नेलं आणि सकाळी तो नाल्याजवळ सापडला. पुकारा होतो, तुम्ही पिंजऱ्यात जाता. सरकारी वकील आरोपीकडे बोट दाखवतात: हाच होता का?

तो होता. तुम्ही कंदिलाच्या उजेडात त्याचं तोंड पाहिलंय. पण संध्याकाळी त्याच टोल्यावर तुम्हाला परत जायचंय, आणि धाकटा मुलगा घरी एकटा आहे.

“अंधार होता, साहेब. मी नाही ओळखलं.”

टंकलेखकाची बोटं चालतात. तुम्ही फितूर साक्षीदार झालात. जंगलात नवऱ्याला खबऱ्या म्हटलं, कागदावर तुम्ही फितूर.

तुमच्यानंतर तपास अधिकारी उभा राहतो. बचाव पक्षाचा वकील विचारतो: मयत तुम्हाला माहिती देत होता का? अधिकारी न्यायाधीशांकडे पाहतो. १८७२च्या पुरावा कायद्यातलं १२५वं कलम त्याच्या पाठीशी आहे. गुन्ह्याची बातमी कुणाकडून मिळाली, हे सांगायला पोलीस अधिकाऱ्यावर सक्ती करता येत नाही. २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच कलम १३१ झालं. नियम शहाणपणाचा आहे, तो नसता तर कुणी तोंडच उघडलं नसतं. पण तुम्ही बाकावर बसून काय ऐकता? प्रश्न आला आणि उत्तर आलं नाही. नवरा खबऱ्या होता असं कुणी म्हटलं नाही, नव्हता असंही कुणी म्हटलं नाही. प्रथम खबरी अहवालात जे वाक्य होतं तेच राहिलं: ‘पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून’. जिवंत खबऱ्याच्या रक्षणासाठी केलेलं कलम मेलेल्याच्या माथ्यावर हा संशय कायमचा चिकटवून ठेवतं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यापाशी अडकलं आहे. नाव झाकायला आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच कलम होतं. माणूस वाचवायला मात्र देशभरात लागू होणारी पहिली योजना यायला २०१८ साल उजाडलं.

दूर बेलफास्टमध्ये डोकावलात तर तिथेही हाच पेच दिसेल, फक्त उलट्या बाजूने. १९८३मध्ये ख्रिस्तोफर ब्लॅक या आयआरए संघटनेच्या आतल्या माणसाच्या जबानीवर बावीस जणांना शिक्षा झाल्या, आणि १९८६मध्ये त्यातल्या बहुतेक अपिलात रद्द झाल्या. आयआरएच्या आतल्या ‘स्टेकनाइफ’ या खबऱ्याची चौकशी करणाऱ्या पथकाने २०२४च्या अंतरिम अहवालात म्हटलं, की त्याच्यामुळे वाचले त्यापेक्षा बहुधा जास्त जीव गेले. तिथे निदान कुणीतरी हा हिशेब मांडायला बसलं. आपल्या जंगलात असा हिशेब कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

५ जुलै २०११. दिल्ली, सर्वोच्च न्यायालय. देवरीच्या पुढे, सीमेपलीकडच्या छत्तीसगडवर निकाल आहे: नंदिनी सुंदर आणि इतर. न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी आणि निज्जर यांचं खंडपीठ. महिना तीन हजारांच्या मानधनावर, पाचवी शिकलेल्या आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून नक्षलवाद्यांपुढे उभं करणं घटनाबाह्य ठरतं. वाटा दाखवणारी, बातम्या आणणारी ही पोरं सहज लक्ष्य होतात, हेही न्यायालयाने ओळखलं. फळीवरच्या मुन्शीला तर तीन हजारही नव्हते. त्याच्याबद्दल हा निकाल एक शब्द बोलत नाही, तरी तो वाचताना मला तोच दिसतो.

मग २०१८. महेंद्र चावला खटल्यात ५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. व्याख्या रुंद आहे: गंभीर गुन्ह्याची माहिती असलेला कोणीही साक्षीदार. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यायचा, संरक्षण मिळालं तर एका वेळी तीन महिने. तुम्ही पुन्हा त्या टोल्यावर उभे राहून हे वाचा. अर्ज लिहायला तालुक्याला जावं लागेल. बसमध्ये चढताना गाव विचारेल, कुठे निघालास? आणि तीन महिन्यांनी टोला तिथेच असेल, जंगलही तिथेच असेल.

२८ नोव्हेंबर २०२५. देवरीच्या एका दुकानात टीव्ही लागलाय. माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड झोनचा प्रवक्ता अनंत याच्यासह ११ जणांनी गोंदिया पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. दीडच महिन्यापूर्वी गडचिरोलीत माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह ठेवली होती. जंगल रिकामं होतंय. मला त्याचा आनंद आहे, तो मी लपवणार नाही. चिचगडच्या रस्त्यावर रात्री एसटी निर्धास्त चालावी, यापेक्षा मोठं मागणं या भागाने कधी केलंच नव्हतं. आत्मसमर्पण करणाऱ्याला महाराष्ट्राच्या २००५च्या धोरणाने पैसे मिळतात, घर मिळतं. तेही मिळावं.

पण दुकानाच्या पायरीवर ती लुगड्यातली बाई उभी आहे, आता केस पांढरे झालेली. समर्पण केलेला प्रत्येकजण आता पोलिसांना आतलं सगळं सांगणार. कुणाचं नाव कुणी दिलं, कुणाला का मारलं, हे त्या अकरा जणांपैकी कुणालातरी ठाऊक असेल. खटले मागे घ्यायचे तर सरकारी वकिलाला न्यायालयाची परवानगी लागते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ३६०मध्ये, एक नवं वाक्य आलंय: पीडिताला ऐकल्याशिवाय अशी परवानगी देऊ नये. मृताचे वारसही पीडितच. तिचा खटला मात्र जुन्या संहितेखालचा. तिथल्या कलम ३२१मध्ये हे वाक्य नव्हतं. तरीही न्यायालयाने तिला बोलवावं. त्याला कुणी मनाई केलेली नाही.

तिला बोलावलंच, तर ती फाशी मागायची नाही. घडी पडून पडून मधोमध फाटलेला अहवालाचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपलाय. ती तो टेबलावर पसरेल, त्या एका ओळीवर बोट ठेवेल आणि विचारेल: साहेब, हे खरं होतं का?