कोलकात्यातील वाहन-मदत सेवा : क्लब आणि टोइंग व्यावसायिक यांचे परस्परसंबंध

कोलकाता : भर रस्त्यात बंद पडलेली मोटार गॅरेजपर्यंत पोहोचवण्याचे आश्वासन एक संस्था देते आणि ते पार पाडण्यासाठी बहुधा दुसराच व्यावसायिक धावून येतो. वर्गणी क्लबकडे किंवा विमा कंपनीकडे जमा होते. मध्यरात्री पावसात उभे राहून वाहन उचलण्याचे काम मात्र क्रेनचालकाच्या वाट्याला येते. सदस्याला मदत किती लवकर मिळेल, हे या दोघांमधील करारावर पुष्कळ अवलंबून असते. भारतातील सर्वांत जुन्या वाहनधारक संस्थांपैकी एक कोलकात्यात असल्याने या व्यवस्थेचा अभ्यास येथून करणे सोयीचे ठरते.

पूर्वपीठिका

वाहनधारकांचे क्लब हे टोइंग व्यवसायापेक्षा जुने आहेत. लंडनमधील रॉयल ऑटोमोबाइल क्लबची मूळ संस्था १८९७ मध्ये, अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन १९०२ मध्ये आणि जर्मनीतील ‘एडीएसी’ची पूर्वसंस्था १९०३ मध्ये स्थापन झाली. कोलकात्यात १९०४ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ बेंगॉल ही संस्था उभी राहिली. तीच आज ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ ईस्टर्न इंडिया या नावाने ओळखली जाते आणि तिचे कार्यालय बालिगंज भागात आहे. मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मधील आहे.

वाहन ओढून नेणारी खास गाडी यानंतर आली. अमेरिकेतील चॅटनूगा येथील गॅरेजमालक अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ मध्ये एका जुन्या कॅडिलॅक मोटारीवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून पहिली टो-गाडी तयार केल्याचे मानले जाते. ‘टो-चेन’ या इंग्रजी शब्दाचे ‘टोचन’ हे रूप मराठी आणि हिंदी वाहनचालकांच्या तोंडी आजही आहे.

दोन पद्धती

जगभरात या सेवेच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत क्लबची स्वतःची वाहने आणि पगारी मिस्त्री असतात. जर्मनीत ‘एडीएसी’चे पिवळे पथक १९५४ पासून असे काम करते आणि बहुतेक बिघाड जागेवरच दुरुस्त करण्यावर त्याचा भर असतो. दुसऱ्या पद्धतीत क्लब दूरध्वनी केंद्र चालवतो आणि प्रत्यक्ष काम स्थानिक टोइंग व्यावसायिकांना ठरावीक दराने देतो. अमेरिकेत मुख्यतः हीच पद्धत आहे. भारतात वाहन उत्पादक आणि विमा कंपन्यांसाठी मदतसेवा चालवणाऱ्या खासगी कंपन्यांनीही प्रामुख्याने दुसरा मार्ग स्वीकारला आहे. परिणामी एकच क्रेनमालक एका दिवसात तीन-चार निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाने रस्त्यावर उतरताना दिसतो.

कामाची रीत

सदस्याचा दूरध्वनी आल्यावर केंद्र त्याचे सदस्यत्व तपासते, तक्रार क्रमांक देते आणि जवळच्या व्यावसायिकाला काम सोपवते. चालक जागेवर पोहोचून वाहनाची छायाचित्रे घेतो, वाहन उचलतो, ठरलेल्या गॅरेजमध्ये सोडतो आणि पोच घेतो. त्यानंतर देयक क्लबकडे जाते. सदस्याच्या दृष्टीने सेवा विनामूल्य असते. व्यावसायिकाच्या दृष्टीने ती उधारीवर केलेली असते.

मतभेदाचे पहिले कारण रिकामी फेरी हे असते. क्लबचे दर बहुधा वाहन ओढून नेलेल्या अंतरावर ठरतात; परंतु क्रेनला रिकामी जावे आणि रिकामीच परतावे लागते. दर या फेरीचा विचार करून ठरवला नसेल, तर दूरची कामे तोट्याची होतात आणि व्यावसायिक ती टाळू लागतो. दुसरे कारण वाया गेलेली फेरी होय. क्रेन पोहोचेपर्यंत मोटार सुरू होते किंवा मालक दुसऱ्याची मदत घेतो. अशा वेळी खर्च कोणी सोसावा, हे करारात स्पष्ट नसेल तर वाद निश्चित असतो. तिसरे कारण देयकाचा विलंब. डिझेल आणि मजुरी रोख द्यावी लागत असल्याने एक-दोन क्रेन असलेल्या लहान मालकाला थकीत रक्कम पेलत नाही. रोख पैसे देणारे गिऱ्हाईक समोर असेल, तर क्लबचे काम मागे पडते. सदस्याला सोसाव्या लागणाऱ्या विलंबाचे मूळ अनेकदा येथे सापडते.

चौथा प्रश्न नुकसानीचा. वाहन उचलताना बंपर किंवा गिअरबॉक्सला इजा झाल्यास क्लब व्यावसायिकाकडे आणि व्यावसायिक वाहनाच्या जुन्या दोषाकडे बोट दाखवतो. उचलण्यापूर्वीची छायाचित्रे म्हणूनच महत्त्वाची ठरतात. ऑटोमॅटिक गिअरच्या, चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारी चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास यंत्रणा बिघडू शकते. त्यांच्यासाठी संपूर्ण वाहन सपाट फळीवर चढवणारी गाडी लागते. व्यवसायात तिला ‘फ्लॅटबेड’ किंवा ‘झिरो डिग्री’ म्हणतात. तिची किंमत आणि चालवण्याचा खर्च अधिक असल्याने तिचा दरही स्वतंत्र असावा लागतो. दोरीने ओढण्यास पूर्वीपासूनच मर्यादा आहेत : १९८९ च्या रस्ता-नियमावलीने दोन वाहनांतील अंतर कमाल ५ मीटर आणि वेग ताशी कमाल २४ किलोमीटर ठरवला होता. २०१७ मध्ये तिची जागा नव्या नियमावलीने घेतली.

कोलकात्याची परिस्थिती

कोलकात्यात अंतरापेक्षा मार्ग अधिक निर्णायक ठरतो. येथील अनेक एकदिशा रस्त्यांची दिशा दिवसाच्या ठरावीक वेळी उलटते. सकाळी पाच मिनिटांवर असलेल्या ठिकाणी दुपारनंतर मोठा वळसा घेऊन जावे लागू शकते. नदीपलीकडील हावडा आणि पूर्वेकडील विधाननगर येथे स्वतंत्र पोलीस आयुक्तालये असल्याने शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहन नेताना पोलीस हद्दही बदलते. १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूल, १९९२ मधील विद्यासागर सेतू आणि २०१५ मध्ये सुरू झालेला ‘माँ’ उड्डाणपूल यांवर एक मोटार बंद पडली तरी मागे लांब रांग लागते. अशा ठिकाणी क्लबच्या गाडीची वाट पाहण्याइतकी उसंत पोलिसांना नसते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार वाहतुकीला धोका निर्माण करणारे बेवारस किंवा मोडके वाहन तत्काळ हटवण्याचा अधिकार पोलिसांना आहे आणि टोइंगचा खर्च मालकावर पडतो. कलम २०१ वाहतुकीस अडथळा आणणाऱ्या वाहनाबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात ५०० रुपयांपर्यंत दंड आणि हटवण्याचा खर्च यांची तरतूद आहे. मात्र अनपेक्षित बिघाड झालेले आणि हटवण्याची प्रक्रिया सुरू असलेले वाहन या दंडातून वगळलेले आहे. त्यामुळे क्लबकडे तक्रार नोंदवल्याची वेळ आणि क्रमांक ही केवळ औपचारिकता राहत नाही. मालकाने हालचाल सुरू केल्याचा तो पुरावा ठरू शकतो. पोलिसांच्या क्रेनने वाहन हलवल्यास तो खर्च क्लब परत करीलच असे नाही. अनेक योजनांत पूर्वपरवानगीशिवाय घेतलेली सेवा वगळलेली असते.

शहराबाहेर दिल्लीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १९ आणि चेन्नईकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६ येथे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही मदतवाहिनी उपलब्ध आहे. तेथील क्रेनचे पहिले काम मार्ग मोकळा करणे हे असते. पुढे गॅरेजपर्यंतचा प्रवास हा मालकाचा किंवा त्याच्या क्लबचा विषय राहतो.

विमा आणि पावसाळा

मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत अपघातग्रस्त वाहन जवळच्या दुरुस्ती केंद्रात नेण्याचा खर्च खासगी मोटारीसाठी १,५०० रुपये आणि दुचाकीसाठी ३०० रुपये या मर्यादेत मिळतो. साध्या यांत्रिक बिघाडाला तो लागू नाही. हीच उणीव भरून काढण्यासाठी ‘रोडसाइड असिस्टन्स’चे पूरक संरक्षण विकले जाते.

व्यवस्थेची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. २०२५ च्या दुर्गापूजेच्या तोंडावर, २२ सप्टेंबरच्या रात्रीपासून २३ तारखेच्या सकाळपर्यंत कोलकात्याच्या अनेक भागांत २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि रस्ते पाण्याखाली गेले. अशा दिवशी सर्व क्लबांचे सदस्य एकाच वेळी मदत मागतात आणि सर्वांच्या यादीतील क्रेनमालक बहुतांशी तेच असतात. आश्वासने अनेक, साधने मोजकी, अशी ही स्थिती असते. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी इंजिन निकामी करू शकते. उशीर झाला तरी टोइंगची वाट पाहणेच हिताचे असते.

सदस्याने काय पाहावे

वर्गणी भरण्यापूर्वी विनामूल्य टोइंगचे अंतर किती, वर्षातून किती वेळा मदत मिळेल, फ्लॅटबेड समाविष्ट आहे काय, पुलाचा आणि रस्त्याचा टोल कोण भरणार, नुकसानीची जबाबदारी कोणाची आणि स्वखर्चाने घेतलेल्या सेवेची भरपाई कोणत्या अटींवर मिळेल, हे मुद्दे लेखी तपासणे आवश्यक आहे. आपल्या भागात सेवा देणारे व्यावसायिक किती, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. क्रेनमालकाला रिकाम्या फेरीचा मोबदला आणि वेळेवर देयक देणारा क्लब वर्गणी थोडी अधिक घेत असला, तरी अडचणीच्या रात्री त्याची गाडी येण्याची शक्यता अधिक असते.