तळटीप १४ : आदोबो

१४. आदोबो : मूळ स्पॅनिश शब्द; अर्थ, मुरवण. स्पेनमध्ये मासे किंवा मांस व्हिनेगर, लसूण, ओरेगानो, मीठ आणि ‘पिमेंतोन’ ही लाल मिरचीपूड यांत मुरवून मग तळतात किंवा भाजतात. लेखिकेने मागच्या पानावर उपाहारगृहात मागवलेले तळलेले मासे या प्रकारचे. इथे शेजारणीने रांधलेला आदोबो मात्र फिलिपिनो : कोंबडी किंवा डुकराचे मांस व्हिनेगर, लसूण, मिरी व तमालपत्र घालून मंद आचेवर शिजवतात आणि भाताबरोबर खातात. व्हिनेगरात शिजवण्याची ही रीत तिथल्या स्पॅनिश अमलाच्या (१५६५–१८९८) आधीची. नाव तेवढे स्पॅनिश. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा यांच्या १६१३ च्या तागालोग शब्दकोशात ‘स्थानिकांचा आदोबो’ अशा अर्थाची नोंद आहे. या आदोबोत पुढे पडू लागलेला सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांकडून आला. तो न घालता केलेला ‘आदोबोंग पुती’, म्हणजे पांढरा आदोबो. शेजारीण ‘आजीचा पांढरा’ म्हणते तो हाच. गोव्याच्या विंदालूतही व्हिनेगर-लसणाची जोडी असते. पण त्याचे मूळ पोर्तुगीज. — संपा.