तिटेपासून सिरमपर्यंत

आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात तान्ह्या मुलाला न्हाऊमाखू घातले की आई त्याच्या गालावर काजळाची तीट लावीत असे, अजूनही लावते. रूप फार खुलले, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून ते मुद्दाम थोडेसे बिघडवायचे, हा तिटेमागचा भाव. आज त्याच घरातील दहा-अकरा वर्षांची मुलगी गालावरचा एक ठिपका पुसण्यासाठी सिरमचे नाव घेऊन दुकानी जाते. ही उलटापालट कशी झाली?

हळद, बेसन, साय, आणि आमच्याकडे विशेष म्हणजे वाळवून कुटलेली संत्र्याची साल. एवढाच घरचा सरंजाम असे. ती साल काही दिव्य औषधी नव्हे. डोळ्यांत गेली तर चांगलीच झोंबते. पण ते उटणे वडीलधाऱ्यांच्या हाताने लागे, मुलगा-मुलगी हा भेद न करता लागे, आणि न्हाणीघराबाहेर त्याची चर्चा नसे.

मग बाजार आला. १९१९ मध्ये मुंबईच्या पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ काढला. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या; तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय चित्रपटतारका. १९५२ मध्ये टाटांची ‘लॅक्मे’ निघाली. त्याच वर्षी पेंढरकरांनी ‘विको’ सुरू केली. तिची हळदीची क्रीम औषध की प्रसाधन, हा अबकारी कराचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषध ठरून मिटला! आजीच्या हळदीला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

या साऱ्या वस्तू मोठ्या स्त्रियांसाठी होत्या. खरा घाव घातला तो १९७५ च्या ‘फेअर अँड लव्हली’ने. सावळी मुलगी, हुकलेले लग्न किंवा नोकरी, मग नळी आणि उजळलेले नशीब, ही गोष्ट दूरचित्रवाणीने घरोघर सांगितली. ती उपवर मुलीला उद्देशून होती खरी. परंतु शेजारी बसलेली आठ वर्षांची बहीणही ती ऐकत होती. पुढे एक-दोन रुपयांच्या पुड्या खेड्यातील किराणा दुकानात लटकू लागल्या आणि खाऊच्या पैशांत रूप विकत मिळू लागले. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गळला. मनातून गळायला वेळ लागेल.

आता मोबाइलवर रेटिनॉलचे गुणगान चालते. रेटिनॉल हे मुख्यत्वे सुरकुत्यांवर वापरण्याचे द्रव्य. जिच्या चेहऱ्यावर अजून तारुण्यपीटिकाही उमटलेली नाही, तिने ते कशासाठी लावावे? कोवळ्या त्वचेची त्याने आग होते, ती सोलते. स्वीडनमधील एका औषधविक्रेत्या संस्थेने २०२४ मध्ये अशी तीव्र प्रसाधने पंधरा वर्षांखालील मुलांना परस्पर विकणे थांबविले. आपल्याकडे मात्र दुकानदार वय विचारीत नाही, आणि विचारले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानी जाते.

माझ्या वर्गातील मुली शाळेच्या छायाचित्राच्या दिवशी मागच्या रांगेसाठी भांडतात. कारण विचारले तर, “सर, मी काळी दिसते,” असे उत्तर येते. या मुली पाचवीत आहेत. त्यांपैकी कोणाला ते प्रथम कोणी सांगितले, हे त्यांना आठवत नाही. हंगामात बाजाराच्या कडेला संत्र्याच्या सालींचा खच पडलेला असतो आणि त्याला ओलांडून त्या ‘क’ जीवनसत्त्वाची बाटली पाहायला जातात.