फोक्सवॅगन उत्सर्जन प्रकरण (भारत)

फोक्सवॅगन उत्सर्जन प्रकरण हे डिझेल मोटारींच्या उत्सर्जन-चाचणीतील फसवणुकीचे प्रकरण असून ते सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. चाचणी सुरू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण घटवणारी संगणकप्रणाली या मोटारींत होती. कंपनीचा एक कारखाना पुणे जिल्ह्यातील चाकण येथे आहे.

भारतातील तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेने केली. प्रयोगशाळेपेक्षा रस्त्यावरील उत्सर्जन अधिक आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मात्र भारतीय नियमांचा भंग झाल्याचे तिने नाकारले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

ठरावीक क्रमाने होणारी चाचणी यंत्राला ओळखता येत असेल, तर अचूक मापनही दिशाभूल करू शकते, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. भारतात एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादाही पाळावी लागते.