मजलिशीतला सलाम : शांतीच्या अभिवादनाचा शिष्टाचार

बैठक रंगात आलेली असते. एखादी व्यक्ती दारातून आत येते, 'अस्सलामु अलैकुम' म्हणते आणि जागा मिळेल तिथे बसते. बसलेल्यांकडून 'व अलैकुम अस्सलाम' असे उत्तर येते. मुस्लिम समाजात रोज घडणाऱ्या या प्रसंगामागे सविस्तर शिष्टाचार आहे.

या अरबी शब्दांचा अर्थ 'तुमच्यावर शांती असो' असा होतो. समोर एकच माणूस असला तरी अनेकवचनी रूपच वापरले जाते. 'सलाम' आणि हिब्रूतील 'शालोम' हे एकाच मुळातले शब्द आहेत. 'अस्-सलाम' हे ईश्वराच्या नावांपैकीही एक मानले जाते.

कुराणात या अभिवादनाचे उल्लेख अनेक ठिकाणी आढळतात. अन्-निसा या सूरहच्या ८६व्या आयतीत अभिवादनाला त्याहून चांगले किंवा किमान तेवढेच उत्तर देण्यास सांगितले आहे. अन्-नूर या सूरहच्या २७व्या आयतीनुसार, परवानगी मागून व सलाम करूनच दुसऱ्याच्या घरात जावे.

मजलिशीचे नियम मात्र प्रामुख्याने हदीसमधून येतात. पायी चालणाऱ्याला स्वाराने, बसलेल्याला चालणाऱ्याने, मोठ्या समूहाला लहान समूहाने आणि वडीलधाऱ्यांना लहानांनी आधी सलाम करावा, असा संकेत बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. यात श्रीमंती वा हुद्दा यांचा विचार नाही. उलट घोड्यावर बसलेल्यानेच पायी चालणाऱ्याला आधी शांती चिंतायची आहे.

अबू दाऊद व तिर्मिझी यांच्या संग्रहांनुसार, मजलिशीत येताना जसा सलाम करावा तसाच उठून जातानाही करावा. पहिला सलाम दुसऱ्यापेक्षा अधिक महत्त्वाचा नाही. 'व रहमतुल्लाहि' (ईश्वराची कृपा) आणि 'व बरकातुहू' (त्याची बरकत) हे शब्द जोडल्यास पुण्य वाढते, अशी श्रद्धा आहे. सलाम करणे ही सुन्नत आहे, तर उत्तर देणे हे कर्तव्य आहे. मात्र समूहातील एकाने उत्तर दिले तरी सर्वांचे कर्तव्य पूर्ण होते, असे धर्मशास्त्रकार सांगतात. कोणी नमाज पढत असेल वा शुक्रवारचे प्रवचन चालू असेल, तर मोठ्याने सलाम करून व्यत्यय आणू नये, असे मत आहे.

बैठकीत अन्य धर्मीय असतील तर काय करावे? बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांतील एका प्रसंगानुसार, पैगंबर मुहंमद यांनी मुस्लिम, मूर्तिपूजक आणि ज्यू एकत्र बसलेल्या मजलिशीला सलाम केला होता. केवळ अन्य धर्मीयांना प्रथम सलाम करावा की नाही, याबाबत मात्र विद्वानांमध्ये मतभेद आहेत. भारतात अशा वेळी 'आदाब' म्हणण्याची रीतही रुजली.

मराठीत या शब्दाचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. दरबारी वापरातून 'सलाम ठोकणे' म्हणजे सत्तेपुढे झुकणे, असा अर्थ रूढ झाला. मंगेश पाडगावकरांच्या 'सलाम' या गाजलेल्या कवितेतील उपरोधही याच अर्थावर उभा आहे. त्यामुळे मजलिशीतला सलाम ऐकताना मराठी कानाला त्यात लीनता जाणवण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात, आलेल्याने दिलेली ती शांततेची ग्वाही असते आणि बसलेल्यांनी तीच ग्वाही त्याला परत द्यायची असते.